पिवडी तव्यावर लाल होते तेव्हा

दिवाळीआधी आजी तुळशीवृंदावनाला गेरू लावायची. इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचं अंगण तेव्हा मोठं होतं. खडा रात्रभर पाण्यात भिजायचा, सकाळी ती तो हातानेच कुस्करायची. दोन-तीन दिवस तिची बोटं तांबडी दिसत. पुढे मी चित्रकार झाले आणि माझा रंग ट्यूबमधून येऊ लागला.

त्या बोटांची आठवण झाली भोपाळजवळच्या भीमबेटक्याला. ओबेदुल्लागंज मागे टाकलं की जंगलात ते प्रचंड कातळ दिसू लागतात. 1957 साली पुरातत्त्वज्ञ हरिभाऊ वाकणकरांना ते रेल्वेतून जाताना दिसले आणि ते शोध घेत तिथवर पोचले. आज तिथे 700 हून अधिक शैलाश्रय, म्हणजे कातळातले नैसर्गिक निवारे, नोंदले गेले आहेत आणि त्यांतल्या 400 हून अधिक ठिकाणी चित्रं आहेत. एका कातळावर तर जनावरांवर जनावरं काढलेली आहेत, जुन्या रेघांवरून नव्या रेघा. कुठली आकृती कुठल्या आकृतीवर चढली आहे, यावरून अभ्यासक त्यांचा आगामागचा क्रम लावतात. बरीचशी चित्रं पांढऱ्या आणि तांबड्या रंगातली आहेत. तो तांबडा पाहिला आणि मी जागीच थांबले. तो आमच्या अंगणातलाच होता.

घरी आल्यावर एक प्रयोग केला. राजवाड्यामागच्या दुकानातून पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती, आणली, चमचाभर लोखंडी तव्यावर टाकली आणि गॅस मोठा केला. थोड्या वेळाने कडेने नारिंगी छटा धरली, मग सगळी भुकटी विटेसारखी लाल झाली. पिवडीचा पिवळेपणा गोएथाइट या खनिजाचा असतो. त्यात लोहाबरोबर पाण्याचा अंश बांधलेला असतो. साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला तो वाफ होऊन निघून जातो, शुद्ध गोएथाइटचं जवळपास 10 टक्के वजन घटतं आणि उरतं हेमॅटाइट, म्हणजे गेरूचा प्राण. चुलीशेजारची पिवळी माती लाल होताना माणसाने किती आधी पाहिली असेल!

गेरू टिकतो कशामुळे? वनस्पतींचे रंग उन्हात विटतात, कारण प्रकाशाने त्यांचे रेणू तुटतात. गेरू म्हणजे आधीच पुरतं गंजलेलं लोखंड. हवा त्याला आणखी गंजवू शकत नाही, ऊनही त्याचं फारसं काही बिघडवत नाही.

मला सगळ्यात जास्त हलवून सोडलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेने. तिथे सुमारे 1 लाख वर्षांपूर्वीचे दोन मोठे सागरी शिंपले सापडले. त्यांत गेरूची पूड, हाडाचा चुरा आणि कोळसा एकत्र कालवलेला होता, शेजारी वाटायचे दगड. त्याच गुहेतल्या एका दगडी कपच्यावर गेरूच्या कांडीने ओढलेल्या नऊ रेघा आहेत, सहा रेघांना छेदणाऱ्या तीन. त्यांचं वय सुमारे 73 हजार वर्षं. म्हणजे आपल्या हाती आलेल्या पुराव्यात रंग वाटणं आधी येतं, रंगाने ओढलेली रेघ त्यानंतर कितीतरी हजार वर्षांनी. चित्राचा उगम शोधायला आपण भिंतीकडे बघत बसतो. मला वाटतं तो त्याआधी आहे: कुणीतरी वाटेतला एक लाल खडा उचलला, सोबत नेला आणि बसून वाटला, तिथे.

इंदूरच्या चित्रकारांना भटकंतीचं हे वेड जुनंच. इथल्या देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे देशभर हिंडले आणि निसर्गचित्रं रंगवत राहिले. मीही वही घेऊन हिंडायची, विषय शोधत. आता आधी पायाखाली बघते. संरक्षित जागेतलं काही उचलायचं नाही, हे पाळतेच. पण परवा महेश्वरच्या रस्त्याला खोदकामाच्या कडेला लाल ढेकळं पडली होती, त्यांतली दोन पिशवीत टाकली.

खलात तासभर घोटली. सुरुवातीला पूड जांभळट दिसत होती. हेमॅटाइटचे कण मोठे असले की तसंच होतं, बारीक होतील तसा तांबडा उजळत जातो. मग डिंकाचं पाणी घातलं, एक रेघ कागदावर ओढली आणि हात धुवायला गेले. नखांच्या कडेचा रंग काही निघाला नाही.