अमेरिकी सरकारला टाळं लागतं ते का

ऑक्टोबर 2025 च्या शेवटी मेरीलँडमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाची पगारचिठ्ठी आली. खर्चाला मंजुरी न मिळाल्यामुळे 1 तारखेपासून अमेरिकी सरकारला टाळं लागलं होतं. हातात पडणारी रक्कम शून्य डॉलर, शून्य सेंट. दादा केंद्र सरकारचा जुना नोकर, आणि खात्याने त्याला ‘अत्यावश्यक’ ठरवलेलं. म्हणजे ज्यांच्यावाचून अडत नाही ते घरी बसून बिनपगारी, आणि ज्यांच्यावाचून अडतं ते रोज गाडी हाकत कचेरीत जाऊन बिनपगारी. वहिनी चकल्या पाडता पाडता म्हणाली, “अत्यावश्यक झाल्याबद्दल पेढे वाटायचे होते, पण पेढ्यांचे पैसे पुढच्या महिन्यात.”

पुण्याहून माझ्या आईचा फोन आला, “सरकार बंद म्हणजे? पडलं का?” प्रश्न रास्त होता. आपल्याकडे लोकसभेत खर्चाच्या मागण्या नामंजूर झाल्या तर सरकारला घरी जावं लागतं, आणि अर्थसंकल्प वेळेत होणार नसेल तर लेखानुदान मंजूर करून गाडं चालू ठेवतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडून येतो, पैसे मंजूर करते काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, आणि दोघांचं फाटलं म्हणून कोणीच घरी जात नाही. घरी जातात ते कारकून.

मी डेमोक्रॅटांना मत देणारा माणूस आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. टाळेबंदीचं खापर रिपब्लिकनांवर फोडायला मला आवडलं असतं, आणि पुढे थोडं फोडणारही आहे. पण या टाळ्याची किल्ली घडवली ती आमच्याच माणसांनी.

अमेरिकेच्या राज्यघटनेत एवढंच म्हटलंय की कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही. मंजुरी लांबली तर कचेऱ्यांना कुलूप लावा, असं त्यात कुठेही नाही. एकोणिसाव्या शतकात खाती वर्षाचे पैसे आधीच उडवायची आणि मग काँग्रेसच्या दारात हात पसरून उभी राहायची. कंत्राट तर देऊन बसलोय, आता बिल भरा. या उधारीला वैतागून काँग्रेसने कायदा केला. मंजुरीपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, आणि 1884 मध्ये भर पडली की कोणाकडून फुकट कामही करून घ्यायचं नाही, कारण आज फुकट राबलेला माणूस उद्या मजुरी मागायला येतो. हा कायदा पुढे जवळजवळ शंभर वर्षं कोणाच्या वाटेला गेला नाही.

सत्तरच्या दशकात खर्चाच्या मंजुऱ्या वारंवार चुकू लागल्या. 1974 च्या कायद्याने आर्थिक वर्षाची सुरुवात जुलैवरून ऑक्टोबरवर ढकलली, खासदारांना तीन महिने जास्त मिळावेत म्हणून. त्या तीन महिन्यांचं त्यांनी काय केलं ते विद्यार्थीदशेतून गेलेल्या कोणालाही सांगायला नको. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात गरिबांच्या आरोग्ययोजनेतून गर्भपाताचा खर्च द्यावा की नाही, यावर सभागृहं अडून बसायची आणि मंजुरी कधी कधी दोन-दोन आठवडे लांबायची. पण कचेऱ्या उघड्या असत. साहेब सांगायचे, प्रवास कमी करा, नवी भरती थांबवा, पैसे येतीलच.

एप्रिल 1980 मध्ये कार्टर यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, बेंजामिन सिव्हिलेटी यांनी तो जुना कायदा वाचला आणि लेखी मत दिलं. मंजुरी संपली की काम थांबलंच पाहिजे, फक्त कचेरी आवरण्यापुरता खर्च चालेल, आणि मोडणाऱ्यावर खटला भरू. सज्जन वकिलाने नियमाचा शब्दशः अर्थ लावला, दुसरं काही नाही. 1 मे 1980 रोजी फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची मंजुरी संपली आणि तिथली माणसं घरी पाठवली गेली. एक दिवसाची गोष्ट. पण तसंच सगळीकडे झालं तर विमानं कोण उतरवणार, हे लक्षात आल्यावर जानेवारी 1981 मध्ये सिव्हिलेटींनी दुसरं मत दिलं. माणसांचा जीव आणि मालमत्ता वाचवणारी कामं चालू ठेवता येतील. दादाला चिकटलेलं ‘अत्यावश्यक’ हे बिरूद तिथून आलं.

पुढचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात टाळेबंद्या झाल्या त्या एक-दोन दिवसांच्या, लोकांच्या नजरेतही न भरणाऱ्या. खेळ बदलला 1995 मध्ये. रिपब्लिकन न्यूट गिंगरिच प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले होते आणि त्यांना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याकडून खर्चकपात मान्य करून घ्यायची होती. टाळं म्हणजे अपघात नव्हे, हत्यार आहे, हे त्यांना पहिल्यांदा नीट उमगलं. पण हत्यार चालवणाऱ्याने तोंड आवरायचं असतं. इस्रायलचे हत्या झालेले पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना राष्ट्राध्यक्षांच्या विमानात क्लिंटन आपल्याशी बोलले नाहीत आणि आपल्याला मागच्या दाराने उतरवलं, म्हणून विधेयक जास्त कडक झालं, असं ते पत्रकारांसमोर बोलून बसले. लग्नात मानपान झाला नाही म्हणून रुसलेले व्याही आपण पाहिलेत. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर त्यांना लंगोटातलं रडकं बाळ करून छापलं. नोव्हेंबरातली पहिली टाळेबंदी पाच दिवसांची, दुसरी डिसेंबर-जानेवारीत 21 दिवसांची, आणि राग गेला रिपब्लिकनांवर. क्लिंटन पुढच्या वर्षी सहज निवडून आले. जाता जाता एवढंच, की त्या नोव्हेंबरात पगारी कर्मचारी घरी बसल्यामुळे व्हाइट हाउसात बिनपगारी इंटर्न कामाला होते आणि त्यातली एक मोनिका लेविन्स्की होती, जिच्याशी असलेल्या संबंधांवरून क्लिंटन यांच्यावर पुढे महाभियोग चालला. टाळ्याची किंमत शेवटी कोण मोजेल ते सांगता येत नाही.

2013 चं टाळं 16 दिवसांचं. रिपब्लिकनांना ओबामा यांचा आरोग्यविमा कायदा अडवायचा होता, आणि ज्या 1 ऑक्टोबरला सरकार बंद झालं त्याच दिवशी त्या विम्याची ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. अडवायचं ते उघडं, बाकी सगळं बंद.

मग ट्रम्प. डिसेंबर 2018 मध्ये कॅमेऱ्यांसमोर त्यांनी डेमोक्रॅट नेते शूमर आणि पलोसी यांना ऐकवलं की सीमेवरच्या भिंतीसाठी सरकार बंद करायला मला अभिमानच वाटेल. 35 दिवस अभिमान टिकला. 25 जानेवारीला हवाई वाहतूक नियंत्रक पुरेसे आले नाहीत, न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर येणारी विमानं काही वेळ रोखावी लागली, आणि त्याच दिवशी तोडगा निघाला. भिंतीचे पैसे त्यात नव्हते. त्याच महिन्यात कायदा झाला की टाळेबंदीतला पगार नंतर मिळालाच पाहिजे. दादासारख्यांना धीर आला, आणि पुढाऱ्यांनाही. आता टाळं लावायला मन खात नव्हतं.

आणि 2025. या वेळी सिनेटमध्ये विधेयक पुढे न्यायला लागणारी 60 मतं होऊ न देणारे आम्ही होतो. मागणी माझ्या मते रास्त होती. आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरची वाढीव सवलत वर्षअखेरीला संपत होती. पण ज्या हत्याराला 30 वर्षं आम्ही गुंडगिरी म्हणत आलो ते हातात घेताना आमच्यातल्या कोणाचाही हात थरथरला नाही, माझाही नाही. मी दादाच्या दिवाणखान्यात बसून, त्याच्याच घरची चकली खात, “अजिबात मागे हटू नका” असं टीव्हीला सांगत होतो. वहिनीने डबा उचलून आत नेला.

त्या काळात व्हाइट हाउसचा पूर्वेकडचा भाग मात्र पाडला जात होता, मेजवान्यांच्या दालनासाठी. देणगीचे पैसे आहेत, सरकारी नाहीत, असं सांगण्यात आलं. नोव्हेंबरात चार कोटींहून जास्त लोकांची धान्यमदत अडकली, 40 मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी केली, आणि मग आमच्या बाजूचे आठ सिनेटर पलीकडे गेले. 43 दिवस, तोवरचं सगळ्यात लांब टाळं. सवलतीबद्दल मिळालं ते डिसेंबरात मतदान घेण्याचं आश्वासन.

सिव्हिलेटी 2022 मध्ये वारले. त्याआधी, 2019 च्या टाळेबंदीत, पत्रकारांनी त्यांना गाठलं होतं. इतके दिवस चालेल आणि राजकारणातला डाव म्हणून वापरलं जाईल असं कधी मनातही आलं नव्हतं, असं ते म्हणाले. मला त्यांचं खरं वाटतं.

12 नोव्हेंबरच्या रात्री ट्रम्प यांनी सही केली. दादाने थकलेल्या पगाराचा हिशेब मांडला, विधेयकातली मंजुरी संपायची तारीख वाचली, आणि फ्रीजवरच्या कॅलेंडरचं पान नसल्यामुळे नव्या वर्षाचं कालनिर्णय शोधून 30 जानेवारीभोवती गोल केला.