वंशसंहाराचा खटला: हेगच्या कोर्टात अर्ज कोण करू शकतं आणि पुढे काय होतं

गाझाची बातमी आली की संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो: एखादी संघटना किंवा पीडित कुटुंब थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ शकतं का? नाही. तिथं अर्जदार फक्त देश आणि प्रतिवादीही देशच. कुलभूषण जाधव प्रकरण याच कोर्टातलं (करार मात्र वेगळा), पण अर्ज घरच्यांनी नाही, भारत सरकारनं केला होता.

‘देश कोण’ हा प्रश्न आपल्या भागानं जवळून पाहिलाय. ऑगस्ट 1948 मध्ये निजाम सरकारनं भारताविरुद्ध सुरक्षा परिषदेत तक्रार नेली. ते कोर्ट नव्हतं, तरी वाद सुरू झाला तो हैदराबादला देश म्हणून तक्रार करता येते का यावरच. 17 सप्टेंबरला संस्थान शरण आलं आणि मग निजामानं तक्रारच मागं घेतली.

पात्रता

दोन्ही देश 1948 च्या वंशसंहारविरोधी करारात असावे लागतात. त्यातलं कलम 9 वाद या न्यायालयात नेण्याची वाट देतं. खरी मेख इथंच आहे. काही देशांनी करार मान्य करताना हे कलम स्वतःपुरतं बाजूला ठेवलंय. भारतानं 1959 मध्ये अट घातली की प्रत्येक खटल्यात सर्व पक्षांची संमती हवी. 1973 मध्ये पाकिस्ताननं 1971 च्या युद्धात पकडलेल्या आपल्या 195 युद्धकैद्यांवरून भारताविरुद्ध अर्ज टाकला, तेव्हा भारतानं हीच अट पुढे केली. डिसेंबरमध्ये पाकिस्ताननं अर्ज मागं घेतला. सुदाननं मार्च 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीवर केलेला खटला तर अमिरातीच्या अशाच अटीमुळे दोन महिन्यांत यादीतून काढला गेला. वंशसंहार झाला की नाही, यात कोर्ट शिरलंच नाही.

अर्जदार देशाला स्वतःला झळ बसलेली असायलाच हवी असं मात्र नाही. रोहिंग्यांसाठी म्यानमारविरुद्ध उभा राहिला तो आफ्रिकेतला छोटासा गांबिया.

कागदपत्रं

कोर्ट फी नाही, छापील फॉर्मही नाही. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लेखी अर्ज द्यायचा: प्रतिवादी कोण, वाद काय, कोर्टाला अधिकार कशामुळे, मागणी काय, आणि घटनांचा थोडक्यात तपशील. सरकारनं नेमलेल्या एजंटची (म्हणजे खटल्यातल्या प्रतिनिधीची) सही लागते आणि त्याच्याकडे सरकारचा अधिकार असावा लागतो. ही बाब किरकोळ समजू नका. सर्बियाविरुद्धच्या 2007 च्या निकालाच्या फेरविचारासाठी 2017 मध्ये बोस्नियाच्या नावानं अर्ज गेला, पण तो पाठवणाऱ्याला देशाच्या सक्षम अधिकाऱ्यांनी तसं सांगितलेलंच नव्हतं. कोर्टानं पुढं काही करायला नकार दिला, आणि फेरविचाराची दहा वर्षांची मुदत तेव्हाच संपली होती. तहसीलचे हेलपाटे घातलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

खंडपीठावर 15 न्यायाधीश असतात. आपला माणूस त्यात नसेल, तर त्या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमायचा हक्क देशाला आहे.

अंतरिम आदेश

तातडी असेल तर अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीच्या, आदेशाची मागणी करतात आणि तिची सुनावणी आधी होते. दक्षिण आफ्रिकेनं 29 डिसेंबर 2023 ला इस्रायलविरुद्ध अर्ज केला, आदेश 26 जानेवारी 2024 ला आला. तो बंधनकारक असतो. पण ‘कोर्टानं वंशसंहार झाल्याचं मान्य केलं’ असे जे मेसेज फिरले, ते चूक. या टप्प्यावर एवढंच पाहतात की मागितलेले हक्क सकृद्दर्शनी टिकण्यासारखे आहेत का आणि भरून न येणारं नुकसान होण्याचा धोका आहे का.

मूळ खटला

यानंतर लेखी निवेदनं, प्राथमिक आक्षेप (कोर्टाला अधिकारच नाही, असे मुद्दे), तोंडी सुनावणी. यात वर्षं जातात. बोस्नियाचा सर्बियाविरुद्धचा अर्ज 1993 चा, निकाल 2007 चा.

सिद्ध करायला सगळ्यात अवघड काय? हेतू. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह, तो समूह आहे म्हणूनच, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करायचा होता, हे निर्विवाद पुराव्यानं दाखवावं लागतं. हजारो मृतदेह मिळाले तरी तेवढ्यानं भागत नाही. बोस्नियाच्या खटल्यात कोर्टानं फक्त बोस्नियातल्या स्रेब्रेनिका इथलं 1995 चं हत्याकांड वंशसंहार ठरवलं. तिथंही सर्बियानं तो केला असं म्हटलं नाही. तो रोखला नाही, दोषींना शिक्षा होण्यासाठी सहकार्य केलं नाही आणि कोर्टाचे अंतरिम आदेश पाळले नाहीत, एवढाच ठपका ठेवला. भरपाईचा पैसा मिळालाच नाही. माझ्या मते अर्ज करणाऱ्या प्रत्येक देशानं आधी हा निकाल वाचावा.

या कोर्टात कुणालाही तुरुंगवास होत नाही. व्यक्तींवरचे खटले हेगमधलंच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय चालवतं आणि भारत त्याचा सदस्य नाही.

अंमलबजावणी

निकालावर अपील नाही. समोरच्यानं निकाल पाळला नाही तर सुरक्षा परिषदेकडे जायचं. मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या अर्जावर कोर्टानं रशियाला लष्करी कारवाई थांबवायला सांगितलं. रशियानं ती थांबवली नाही, आणि परिषदेत रशियाकडे नकाराधिकार आहे.