अफू, एचआयव्ही आणि मेंदूतली पातेगळ

"कुत्रा, टोपी, शेंग, लाल." डॉक्टरांनी चार शब्द सांगितले आणि एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून म्हणवून घेतले. मग अंगठ्यावर तर्जनी पटापट आपटायला लावली. त्यानंतर टेबलावर हात: आधी मूठ, मग पालथा तळहात, मग हाताची कड. तिसऱ्या फेरीला हात चुकला. शेवटी ते चार शब्द परत विचारले. कुत्रा आला, टोपी आली, पुढं काही येईना. बायको हळूच म्हणाली, "यायचं असंच हाय मॅडम. रातची गोयी सकायी खिशात सापडते."

एचआयव्हीनं मेंदूवर परिणाम केलाय का, ते पाहणारी ही छोटी चाचणी २००५ साली आली. अमेरिकेत आणि युगांडात ती तपासून पाहिली होती. तिला अक्षरओळख लागत नाही, त्यामुळे आमच्या ग्रामीण रुग्णालयात ती सहज करता येते. हा माणूस नागपूर-हैदराबाद रस्त्यावर वीस वर्षं ट्रक चालवत होता. जागरणासाठी आधी डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, घ्यायचा, मग गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढायला लागला. सुई त्यानं कधी टोचून घेतली नाही. मी समुपदेशक. त्याच्या कार्डावर मी कितीदा तरी 'गोळ्या नियमित घेत नाही' असं लिहिलं आणि त्याला चार गोष्टी सुनावल्या. त्याचं मला आज वाईट वाटतं. त्याच्या मेंदूत काय चाललंय याचा पत्ता शास्त्रालाच टप्प्याटप्प्यानं लागला आहे.

वऱ्हाडाला अफू नवी नाही. आजी सांगायची, पोराला अफूची गोयी चारून बाया निंदाले जायच्या. पोर दिवसभर धुऱ्यावर निपचित पडून राहायचं. इंग्रजांनी १८७८ चा कायदा करून अफूची विक्री परवान्यावर आणली आणि त्यातून महसूल घेतला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, औषधाखेरीज अफूचा वापर दहा वर्षांत बंद करायचं ठरलं. त्याची मुदत ३१ मार्च १९५९. आता सरकारी परवान्याची अफू मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात पिकते. तिच्या फळालाही आपण कापसासारखं बोंडच म्हणतो.

या बोंडाच्या चिकातलं मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं काढलं गेलं. १८९८ मध्ये एका जर्मन कंपनीनं मॉर्फिनपासून बनवलेलं हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं. पण हे द्रव्य शरीरात नेमकं कुठं जाऊन बसतं, ते कळायला १९७३ उजाडलं. त्या वर्षी बाल्टिमोरमध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत त्याची ठरलेली जागा दाखवून दिली. कुलपात किल्ली बसावी तशी ही जागा, तिला रिसेप्टर म्हणतात. दोन वर्षांनी स्कॉटलंडमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना शरीर स्वतःच बनवत असलेलं अफूसारखं द्रव्य सापडलं. तेव्हा सगळ्यांचं लक्ष चेतापेशींवर होतं. मेंदूतल्या राखणदार पेशींवरही हीच कुलपं असतात, हे पुढं उलगडलं.

एड्सची पहिली नोंद जून १९८१ ची, अमेरिकेतली. विषाणू १९८३ मध्ये पॅरिसला सापडला. भारतात १९८६ मध्ये चेन्नईत पहिले संसर्ग आढळले. नव्वदचं दशक उजाडताना मणिपूरमध्ये हेरॉइन टोचून घेणाऱ्या पोरांत तो वणव्यासारखा पसरला. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्येही हेच घडलं होतं. त्यामुळे अफू आणि एचआयव्ही यांचं नातं म्हणजे एकमेकांची वापरलेली सुई, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलं. ते खरंच आहे. पण आमच्या ट्रकवाल्यासारखा माणूस, ज्यानं सुईला हातही लावला नाही, तो या समीकरणात कुठं बसतच नव्हता.

मेंदूचा धागा १९८६ पासूनच सुरू झाला होता. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एड्सच्या रुग्णांत येणारा स्मृतिभ्रंश बारकाईनं नोंदवला: विसर पडणं, हालचाल मंदावणं, मन कशात न लागणं. कोडं असं होतं, की हा विषाणू चेतापेशीत शिरतच नाही. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींत दडून मेंदूत जातो आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशींत घर करतो. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले जागल करणारे. जागलीलाच लागण झाली की तो घाबऱ्याघाबऱ्या सगळीकडं दाहाची रसायनं सोडत सुटतो. शिवाय विषाणूची टॅट आणि जीपी-१२० ही प्रथिनं बाहेर झिरपतात, तीही चेतापेशींना बाधतात.

१९९६ साली दोन मोठ्या गोष्टी झाल्या. तीन औषधांचा एकत्र उपचार आला आणि जोरदार स्मृतिभ्रंश झपाट्यानं कमी झाला, पण सौम्य विसराळूपणा मागं उरला. दुसरं म्हणजे विषाणू पेशीत शिरताना सीसीआर-५ नावाचं दार वापरतो हे कळलं. इथून दोन्ही धागे गुंतायला लागले. प्रयोगशाळेत मॉर्फिन दिल्यावर मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींवर ही दारं वाढलेली दिसली. चेतापेशींचा सांभाळ करणाऱ्या ताराकृती पेशींना टॅट आणि मॉर्फिन एकत्र दिलं, तर त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मेंदूकडं बोलावणारे रासायनिक सांगावे एरवीपेक्षा जास्त धाडू लागल्या.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला प्रयोग. कर्ट हाउझर यांच्या गटानं मेंदूत टॅट तयार करणारे उंदीर वापरले आणि त्यांना मॉर्फिन दिलं. चेतापेशीच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखे फुटवे असतात, त्यांतून शेजारच्या पेशीचा निरोप येतो. टॅट आणि मॉर्फिन जोडीनं आलं, तेव्हा हे फुटवे जास्त गळाले. पेशी मात्र जिवंत होत्या. आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल: कापसाची पऱ्हाटी उभी आहे, हिरवी आहे, पण पातेगळ झाली आहे, फुलायच्या आधीच कळ्या झडल्या आहेत. हे नुकसान स्ट्रायाटम या भागात दिसलं. सवय, हालचाल आणि हवंहवंसं वाटणं, तिन्हींचा कारभार तिथंच चालतो. माझ्या मते, नशेची ओढ आणि वेळेवर गोळी घ्यायची सवय यांची ओढाताण एका माणसात का होते, ते यातून थोडं समजतं.

एडिंबरामध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंनीही याला दुजोरा दिला. एचआयव्ही नसलेल्या, फक्त नशा करणाऱ्यांच्या मेंदूतही मायक्रोग्लिया चवताळलेल्या दिसल्या. माकडांवरच्या प्रयोगांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. काहींत मॉर्फिननं आजार झपाट्यानं वाढला, तर काहींत ठरावीक, नियमित डोसावर तसं झालं नाही. म्हणून कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी दिलेलं मॉर्फिन एचआयव्ही असलेल्या माणसानं भीतीपोटी थांबवू नये. नशेच्या चढउताराची आणि वेदनेवरच्या मोजून दिलेल्या औषधाची गत एक नव्हे.

व्यसनावर आपल्याकडे जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात. तीही अफूच्याच कुळातली आहे, पण ती कुलूप अर्धवटच फिरवते. संसर्गित पांढऱ्या पेशींची मेंदूकडची वाट ती थोडी अडवते, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. मेथाडोन हे व्यसनावरचं असंच दुसरं औषध. त्यावर असलेल्यांना नेव्हिरापिन किंवा एफाव्हिरेन्झ ही एचआयव्हीवरची औषधं दिली तर यकृत मेथाडोन लवकर संपवतं आणि माणूस तलफेनं तळमळतो. भारतात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची उपचारपद्धती, १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, तेव्हा नेव्हिरापिनच जास्त वापरात होतं. आता डॉल्युटेग्रॅविरची एकत्रित गोळी आहे, दिवसातून एकदा, आणि ही अडचण बरीच कमी झाली आहे.

ट्रकवाल्याला आम्ही व्यसनमुक्तीच्या उपचाराला जोडून दिलं. डबी आता बायकोकडं असते, ज्वारीच्या डब्यावर. रात्रीची भाकर वाढायच्या आधी ती गोळी त्याच्या तळहातावर ठेवते आणि तो पाणी पिईपर्यंत तिथंच उभी राहते. गेल्या महिन्यात मी त्याला पुन्हा चार शब्द विचारले. या वेळी शेंग आठवली.