‘रन’चे ६४५ अर्थ आले कुठून?

इंग्रजीत सर्वाधिक अर्थांचा शब्द म्हणून बरीच वर्षं ‘सेट’चं नाव घेतलं जाई. १९८९ च्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ पुढे गेला: नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. कोशकार पीटर गिलिव्हर या एका नोंदीवर नऊ महिने काम करत होते.

या पसाऱ्याच्या मुळाशी दोन क्रियापदं आहेत. एक अकर्मक, म्हणजे स्वतः धावणं. दुसरं प्रयोजक, म्हणजे धावायला लावणं. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, ती ‘रिन्ना’ आणि ‘रेन्ना’ अशी वेगळी होती. इंग्रजीत दोन्ही एकाच रूपात मिसळली. मराठीने ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ हा भेद जपला. इंग्रजीत तो कर्मावरून ओळखावा लागतो.

पायांनी धावणं हा खरा अर्थ आणि पाण्याचं वाहणं ही नंतरची लक्षणा, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. जुन्या इंग्रजीतच दोन्ही अर्थ सापडतात. नाक गळतं, कपड्याचा रंग जातो, नळ वाहता राहतो, हे सगळं त्या प्रवाही शाखेचं. पुढे घड्याळं, गिरण्या, इंजिनं चालू लागली. प्रयोजक बाजूने कारखाना, दुकान चालवणं आलं आणि शेवटी संगणकावरचा प्रोग्राम. निवडणूक लढवण्याचा अर्थ अमेरिकेत रुजला. ब्रिटनमध्ये उमेदवार आजही ‘स्टँड’ करतो. क्रिकेटमधली धाव तर सुरुवातीला काठीवर खाच पाडून मोजत, आणि तिला ‘नॉच’च म्हणत.

कोशकार आधी तो शब्द वापरलेल्या उताऱ्यांचे गठ्ठे करतो: कर्म आहे का, कर्ता सजीव की वस्तू, मग साल. कर्त्याची किंवा कर्माची जात बदलली की अर्थ वेगळा काढायचा. घोटाळा होतो तो जुना उतारा उशिरा हाती लागल्यावर. कुठला अर्थ कुठून फुटला याचा क्रमच उलटतो. शिवाय किती बारीक चिरायचं हा संपादकाचा निर्णय असतो, त्यामुळे ६४५ हा आकडा ऑक्सफर्डच्या पद्धतीचा आहे, भाषेचा नव्हे.

भाषांतरातही हीच चाळणी लावावी: आधी कर्ता, मग कर्म. ती अपुरी पडते ‘रन आउट’सारख्या जोड्यांत. फलंदाज धावचीत होतो, पण दूध संपतं आणि पासपोर्टची मुदतही संपते. तिथे संपूर्ण जोडीच एक शब्द म्हणून कोशात पाहावी.