नाण्याएवढी नाभी, भाकरीएवढा झोत

उन्हावर रांधायला किंवा वाफ करायला अन्वस्त (पॅराबोलिक) आकाराची आरशाची तबकडी वापरतात. ती ऊन जिथे एकवटते ती नाभी, म्हणजे फोकस, आणि आरशापासून तिथवरचं अंतर ते नाभीय अंतर. ते तीन मीटर असेल, तर तबकडीत सूर्याची प्रतिमा २८ मिलिमीटरची पडते. तबकडी लहान असो की मोठी, त्यानं यात फरक पडत नाही. सूर्यबिंब आकाशात ०.५३ अंश व्यापतं आणि तीन मीटरवर त्या कोनाचे तेवढेच मिलिमीटर होतात. दहा रुपयांच्या नाण्याहून जेमतेम मिलिमीटरभर जास्त. हा झाला कागदावरचा हिशेब. लोखंडी सांगाड्यावर आरशाच्या पट्ट्या बसवून केलेल्या तबकडीचा झोत भाकरीएवढा पडतो आणि देखभाल सुटली की परातीएवढा होतो. एक पट्टी एका अंशानं वाकडी बसली की तिच्यावरून परतणारा किरण दोन अंशांनी भरकटतो. तीन मीटरवर ती चूक साडेदहा सेंटिमीटरची होते.

म्हणून ‘किरण एका बिंदूत एकवटतात’ या शाळेतल्या वाक्यापाशीच पहिली अडचण येते. दुसरी अडचण त्या बिंदूच्या नावाची आहे, आणि मराठीत ती अजून मिटलेली नाही.

जुन्या मराठी विज्ञानलेखनात आणि कोशांत फोकसला ‘केंद्र’ म्हटलेलं सापडतं, फोकल लेंग्थला ‘केंद्रांतर’. शाळेची पुस्तकं ‘नाभी’ आणि ‘नाभीय अंतर’ म्हणतात. वर्कशॉपमधला वेल्डर सरळ ‘फोकस’ म्हणतो आणि तिघांत त्याचाच घोटाळा सगळ्यात कमी होतो. ‘केंद्र’ हा शब्द सुटला ते बरंच झालं. गोलीय आरशाला वक्रता केंद्र आधीपासून असतं आणि ते नाभीच्या दुप्पट अंतरावर असतं. सहा मीटर वक्रता त्रिज्येच्या आरशाची नाभी तीन मीटरवर येते. ‘केंद्रावर भांडं ठेवा’ एवढंच लिहिलेलं वाचून कुणी भांडं सहा मीटरवर टांगलं, तर तिथे एकवटलेलं ऊन मिळणार नाही, नाभीतून पुढे जाऊन पुन्हा पसरलेला उजेड मिळेल.

मूळ लॅटिन ‘फोकस’ म्हणजे घरातली चूल. १६०४ साली एका जर्मन खगोलज्ञानं हा शब्द प्रकाशशास्त्रात आणला, बहुधा भिंगाखाली कागद जळतो त्या जागेवरून. आपल्याकडे आला तो संस्कृत ‘नाभी’. त्याचा एक अर्थ बेंबी, दुसरा चाकाचा तुंबा. बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्यात येऊन मिळतात तसे किरण नाभीत मिळतात. उपमा चांगली आहे, पण तिच्यात आग नाही. शिवाय आरे तुंब्याकडे येतात की तुंब्यातून निघतात, हे चाक सांगत नाही.

नावाचा हा घोटाळा मराठवाड्यात नुसत्या शब्दांचा राहिला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, परिमाण ६.२ च्या आसपास. भूगोलाच्या पुस्तकात, जमिनीखाली जिथे खडक तुटतो ती ‘भूकंपनाभी’ आणि तिच्या बरोबर वर भूपृष्ठावरचं ठिकाण ते ‘अपिकेंद्र’. बातम्यांत मात्र दोन्हींना मिळून ‘केंद्रबिंदू’ म्हटलं गेलं आणि ती सवय आजही गेलेली नाही. त्यामुळे ‘केंद्रबिंदू किल्लारी’ म्हणजे गावाखाली किती खोल, हा प्रश्नच पडेनासा होतो. लातूर-उस्मानाबाद पट्ट्यातल्या त्या हानीत खोलीला मोठं महत्त्व होतं. नाभी उथळ होती, लहरींना पसरून विरायला अंतर मिळालं नाही आणि वर होती मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर जड माळवद पेलणारी घरं.

भिंगाच्या नाभीत लहरी येऊन मिळतात, भूकंपाच्या नाभीतून त्या सुटतात. मग एकच शब्द दोन्हीकडे कसा? मुतखडा फोडणाऱ्या यंत्रात याचं उत्तर मिळतं. १९८० साली म्युनिकमध्ये ते पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं. त्यातली धातूची वाटी म्हणजे विवृत्त (लंबवर्तुळ) फिरवून होणाऱ्या पृष्ठाचा तुकडा, आणि विवृत्ताला दोन नाभी असतात. एकीवर पाण्यात ठिणगी पाडायची. तिथून सुटलेली धक्कालहर वाटीवर आपटते आणि दुसऱ्या नाभीवर एकवटते. मूत्रपिंडातला खडा त्या दुसऱ्या नाभीवर आणून ठेवायचा. कुठल्याही कडेनं गेलं तरी पहिल्या नाभीपासून वाटीपर्यंत आणि तिथून दुसऱ्या नाभीपर्यंत अंतरांची बेरीज सारखीच भरते, म्हणून सगळे तुकडे एकाच क्षणी पोचतात. लहरींची दिशा उलटी केली तर उगमाची जागा भेटीची होते. तेव्हा ‘नाभी’ दोन्हीकडे चालतो, फक्त येणारी की सुटणारी ते सांगायला हवं. ‘केंद्रबिंदू’ कुठेच चालत नाही.

त्या यंत्राची व्यवहारातली अडचण तबकडीसारखीच आहे. श्वासाबरोबर मूत्रपिंड वरखाली होतं आणि खडा झोताबाहेर जातो. कातडी आणि पाण्याची उशी यांच्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर लहर तिथूनच मागे फिरते. जेल चोपडताना हयगय करायची नसते ती यासाठी.

प्राचीन भाग थोडक्यात. अन्वस्त आरसा समांतर किरण एका ठिकाणी आणतो हे ग्रीक भूमितीत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालं होतं. ९८४ च्या सुमाराला बगदादमध्ये जाळणाऱ्या भिंगांवर लिहिताना अपवर्तनाचा नियमही हाती लागला होता. युरोपला तो पुन्हा सापडायला सतराव्या शतकाची वाट पाहावी लागली. आपल्याकडे उन्हानं आग ओकणारा ‘सूर्यकांत’ मणी संस्कृत काव्यात आहे. तो आता मुख्यतः शाळेच्या हजेरीपटावर भेटतो.

एकोणिसाव्या शतकानं बिंदूची कल्पना मोडीत काढली. भिंग कितीही निर्दोष असो, लहर असल्यामुळे प्रकाशाचा ठिपका तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून फार लहान होत नाही, हे १८७३ पर्यंत सूत्रात आलं. ध्वनीलाही हेच लागू. सोनोग्राफीत अंगावर फिरवतात त्या ३.५ मेगाहर्ट्‌झच्या प्रोबमधून निघणारी लहर शरीरात ०.४४ मिलिमीटर लांबीची असते, त्यामुळे त्याहून फार बारीक काही त्या प्रोबला वेगळं दिसत नाही. यंत्रावरचं ‘फोकस’चं बटण भिंग हलवत नाही. प्रोबच्या कडेचे स्फटिक आधी आणि मधले किंचित उशिरा वाजवून ते लहरीला वाटीचा आकार देतं.

उन्हाच्या बाबतीत ही तरंगलांबीची मर्यादा कधी आडवी येत नाही, सूर्याचा आकारच आधी आडवा येतो. १८७० च्या दशकात मुंबईत एका इंग्रज अधिकाऱ्यानं लहान लहान सपाट आरसे मांडून वाफेचा पंप चालवला आणि सूर्यचुलीवर जेवणही रांधलं. १९५० च्या दशकात दिल्लीच्या एका सरकारी प्रयोगशाळेनं अन्वस्त चूल बाजारात आणली, ती पडली. दोष प्रकाशशास्त्राचा नव्हता. चूल दर काही मिनिटांनी वळवावी लागे, बाई उन्हात उभी, डोळ्यांवर तिरीप, आणि भाकरी-कालवणाची वेळ सकाळची नि दिवेलागणीची. पुढच्या घरगुती चुलींनी यातला एक दोष काढला. १.४ मीटर व्यासाच्या तबकडीचं नाभीय अंतर २८ सेंटिमीटर ठेवलं, तर तिची खोली ४४ सेंटिमीटर होते (व्यासाचा वर्ग भागिले नाभीय अंतराची १६ पट). नाभी काठाच्या आतच राहते आणि जवळून जाणाऱ्याच्या डोळ्यांत झोत घुसत नाही.

खरा वाद पुढच्या पिढीत झाला: नाभी फिरवायची की एका जागी ठेवायची? लातूरच्या एका दूध डेअरीत २००० च्या दशकाच्या मध्यात १६० चौरस मीटरची तबकडी उभी राहिली. आरशांची मांडणी फ्रेनेल पद्धतीची, म्हणजे एका खोलगट आरशाऐवजी सपाट चौकटीवर वेगवेगळ्या कोनांत बसवलेले तुकडे, तबकडी दोन अक्षांवर सूर्यामागे फिरते आणि तापणारी पेटी तिच्याबरोबर वर फिरते. दाबाखालचं गरम पाणी खाली आणून दूध पाश्चराइझ करायचं. आरसा सतत सूर्याकडे तोंड करून असल्यामुळे क्षेत्रफळ पुरेपूर वापरलं जातं. त्याची किंमत म्हणजे फिरते सांधे, उंच खांब आणि वाऱ्याचा ताण.

दुसरा मार्ग १९८० च्या दशकातल्या स्थिर नाभीच्या तबकडीचा. वसतिगृहं, आश्रम, मोठ्या स्वयंपाकघरांसाठी तो जास्त पसरला. मोठ्या अन्वस्ताच्या बाजूचा एक काप घ्यायचा आणि पृथ्वीच्या अक्षाला समांतर, नाभीतून जाणाऱ्या आसाभोवती तासाला १५ अंशांनी फिरवायचा. भांडं जागचं हलत नाही. मात्र काप तिरपा असल्यामुळे १६ चौरस मीटर आरशाची विषुवदिनी ऊन धरणारी बाजू सुमारे ११.७ चौरस मीटरच भरते. सरळ ऊन चौरस मीटरला ७०० वॅट आणि आरशाचं परावर्तन ८५ टक्के धरलं, तर झोतात ७ किलोवॅट येतात. त्यातले ५ पाण्यात उतरले, तर तासाला सुमारे ७ किलो वाफ. जाहिरातीत ‘१६ चौरस मीटर’ एवढंच छापलं जायचं. निराशेची सुरुवात तिथूनच झाली, असं म्हणायला जागा आहे.

बसवतानाची चूक बहुधा उत्तर दिशेत होते. लोखंडी सांगाड्याजवळ होकायंत्र फसतं, आणि आपला काळा पाषाणही थोडा चुंबकीय. ओळंब्याची सावली घ्यावी, पण घड्याळात बारा वाजता नव्हे. लातूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून सहा अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य माथ्याच्या रेषेवर सरासरी १२:२४ ला येतो. फेब्रुवारीत १२:३८ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:०७ ला. अक्षाची जमिनीशी चढण म्हणजे गावाचा अक्षांश: लातूरला १८.४ अंश, हिंगोलीला १९.७. दुसऱ्या राज्यातल्या आराखड्यावरून खांब कापून आणले की झोत सकाळी भांड्यावर आणि दुपारी भिंतीवर दिसतो.

ऋतूचा हिशेब वेगळा. सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना २३.४ अंश सरकतो. तबकडीनं त्याच्या निम्मं कलायचं असतं आणि त्याचबरोबर तिची वक्रताही बदलायची असते. त्यासाठी मागे सरकत्या दांड्या असतात. नुसतं कलवलं आणि दांड्या ओढल्या नाहीत, तर गोल झोताची लांबट पट्टी होते. दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटांचं हे काम. ते करणारा माणूस बदलला की तबकडी ‘बिघडली’ म्हणून झाकून ठेवली जाते.

तबकडी सूर्यामागे फिरवणारी साखळी अडकली तर काय होतं, तेही आकड्यात पाहता येतं. चार मिनिटांत सूर्य एक अंश सरकतो, झोत तीन मीटरवर पाच सेंटिमीटर. पेटीचं तोंड ४० सेंटिमीटरचं असेल, तर पंधरा-सोळा मिनिटांत झोताचा मध्य कडेला पोचतो आणि मग रबरी नळी, वायर, रंग जे वाटेत येईल ते जळतं. साखळीतली धूळ रोज झटकायची ती म्हणून. आरसे पुसताना आधी पाणी, मग फडकं. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की काचेवर ओरखडे. बोअरचं खारं पाणी वाळलं की पांढरे डाग राहतात, तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी बरं, तेही सकाळी काच थंड असताना. आणि जून ते सप्टेंबर ढगाळ उजेड कितीही भरपूर वाटला तरी तो सगळ्या बाजूंनी येतो, कुठलाही आरसा तो एकवटू शकत नाही.

लहरींना नेहमी माणसानं घडवलेलंच भिंग लागतं असं नाही. कॅलिफोर्नियात १९९४ च्या भूकंपात नाभीपासून बऱ्याच दूर एका शहरातल्या ठरावीक पट्ट्यात पडझड जास्त झाली. तिथल्या गाळाच्या खोऱ्याच्या आकारानं लहरी भिंगासारख्या वळवल्या, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. सूर्याचं गुरुत्वही भिंग आहे: १९१९ च्या ग्रहणात ताऱ्यांचे किरण वळलेले मोजले गेले. या भिंगाची नाभी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ५५० पट दूर सुरू होते आणि पुढे रेषेसारखी लांबत जाते. तिथेही बिंदू नाहीच.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी मिळाली. अमेरिकेतल्या जुळ्या वेधशाळांच्याच आराखड्याची ही तिसरी. इथेही प्रश्न वक्र आरशाचाच आहे. लेसरची शलाका जिच्यातून ये-जा करते त्या चार किलोमीटरच्या भुजेच्या दोन टोकांना ३४ सेंटिमीटर व्यासाचे, ४० किलोचे आरसे, वक्रता त्रिज्या सुमारे दोन किलोमीटर. म्हणजे आरशाचा मध्य काठापेक्षा जेमतेम सात मायक्रॉन खोल, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढा. लेसरची शलाका भुजेच्या मध्याकडे बारीक होते आणि दोन्ही आरशांवर पाच-सहा सेंटिमीटर त्रिज्येची पसरते. भुजेत अडकलेल्या प्रकाशातला अगदी लहान अंश आरसा शोषतो, मधोमध तापतो, फुगतो, आणि ते सात मायक्रॉन बदलतात. ते परत जागेवर आणायला आरशाच्या कडेभोवती एक तापणारं कडं बसवलेलं असतं.