फ्लेक्स लागायच्या आधीचं

पोरगं पीएसआय झालं किंवा दहावीला शाळेत पहिलं आलं की आमच्या साताऱ्याकडं दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. पोराचा फोटो मध्ये आणि शुभेच्छुकांचे फोटो त्याच्या भोवतीनं, एकेक त्याच्यापेक्षा मोठा. हेच पोरगं क्लासच्या फीसाठी दारोदार फिरत होतं तेव्हा ह्यातले किती जण घरात होते असं विचारायची सोय नसते. पण जुन्या गोष्टी काढून बघितल्या तर आपल्याकडची रीत बरोबर उलटी होती, मदत आधी आणि नाव नंतर, आणि मदत करणारी माणसं काय फार पैसेवाली नव्हती.

सुरुवात कर्मवीर भाऊराव पाटलांपासूनच करावी लागते. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्याला आणली, बोर्डिंग सुरू केलं आणि सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली, १९२७ ला गांधीजी येऊन गेले आणि त्यांच्या हातून बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. हे सगळं आपण शाळेतल्या भाषणात ऐकलेलंय, पण भाषणात एक साधा प्रश्न निसटतो, एवढी पोरं रोज खात काय होती? त्याचं उत्तर लक्ष्मीबाईंकडं आहे. कर्मवीरांच्या बायकोनं पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्र सुद्धा. दुसरं उत्तर म्हणजे मुष्टिफंड, बायका घरातलं मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या आणि ते संस्थेला जायचं. एका मुठीनं काय होतं म्हणाल, तर शंभर घरांची महिनाभराची मूठ मोजून बघा. आणि फुकट काही नव्हतं हां, पोरं रानात राबायची, स्वयंपाक करायची, त्यालाच पुढं कमवा आणि शिका म्हणायला लागले. बॅरिस्टर पी. जी. पाटील ह्याच बोर्डिंगातले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

मग खाशाबा जाधव. कराडजवळचं गोळेश्वर, घरात कुस्ती वडलांपासूनच. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसाच नाही, मग गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! मला ह्या गोष्टीत ब्राँझपेक्षा हे गहाणखत मोठं वाटतं, कारण कागदावर सही करताना मास्तरांना थोडंच माहीत होतं पोरगं मेडल घेऊन येणार म्हणून. आलं ते भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, स्वतंत्र झाल्यावरचं, आणि पुढचं यायला ४४ वर्षं लागली. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हे सगळे सांगतात. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं मारून मास्तरांचं घर सोडवलं हे मात्र कमी जण सांगतात.

अलीकडचं बघायचं तर फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, आईवडील मजुरीला जाणारे, जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी पोरगं हेरलं, आधी पळायला लावलं, मग क्रीडा प्रबोधिनीला धाडलं, तिथं हातात धनुष्य आलं आणि गडी थेट टोकियो ऑलिम्पिकला. आणि तिरंदाज आदिती स्वामी. वडील शिक्षक, पोरीच्या खेळासाठी गाव सोडून साताऱ्यात येऊन राहिले, कर्ज काढलं, सराव उसाच्या रानातल्या साध्या रेंजवर प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली, आणि २०२३ ला बर्लिनमध्ये १७ व्या वर्षी जगज्जेती.

ह्यांची नावं तरी झाली. आम्ही साताऱ्यात खोली करून शिकत होतो तेव्हा घरनं एसटीनं डबा यायचा. सकाळची दहिवडीची गाडी, ड्रायव्हरच्या मागं बोचकी आणि डब्यांची चळत, प्रत्येकावर तेलाच्या रंगानं नाव, फडक्यात बाजरीच्या दोन भाकरी आणि ठेचा, संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. कंडक्टर काका प्रत्येक पोराला नावानिशी ओळखायचे, पेपर कसा गेला विचारायचे आणि एखाद्याचा डबा आला नाही तर "ह्याला तुमच्यातलं द्या रं" म्हणून गाडीतनंच ओरडायचे. आमच्यातल्या एकाचा पावसाळ्यात आठ आठ दिवस डबा यायचा नाही, आम्ही प्रत्येकानं अर्धी भाकरी द्यायची असं ठरलेलं. पुढं तो तलाठी झाला, गावात फ्लेक्स लागला, मी उभा राहून फोटो मोजले, तेवीस होते. काकांचा नव्हता.