यादीच्या आधीची चाळणी

अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला तो किडनीच्या खरेदी-विक्रीला आळा घालण्यासाठी. त्यामुळे त्याचं सगळं लक्ष देणाऱ्याकडे राहिलं. २०११च्या दुरुस्तीत बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा अवयव ती जिवंत असताना काढण्यास बंदी आली. चांगलंच झालं. पण त्याच व्यक्तीला किडनी हवी असेल तर? त्यावर हा कायदा गप्प आहे.

अमेरिकेत हा प्रश्न १९९५मध्ये चव्हाट्यावर आला. डाउन सिंड्रोम असलेल्या सँड्रा जेन्सन यांना स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयानं हृदय-फुफ्फुस प्रत्यारोपण नाकारलं. नंतरची औषधं आणि पथ्यं त्यांना झेपणार नाहीत, हे कारण. ओरड झाल्यावर १९९६मध्ये स्टॅनफर्डमध्येच त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं असा भेदभाव रोखणारा कायदा केला.

आपण २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, भेदभावाला मनाई केली. प्रत्यारोपणाचा वेगळा उल्लेख मात्र त्यातही नाही.

मराठवाड्यात मेंदूमृत दात्याचे अवयव छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय समन्वय केंद्रामार्फत वाटले जातात. प्रतीक्षायादीत नाव लागलं की अवयव आधी कुणाला, याचा गुणांवर हिशेब चालतो. खरी गोम त्याआधी आहे. किनवट-उदगीरकडच्या कर्णबधिर तरुणाचं डायलिसिस सुरू असतं. डॉक्टर बोलतात ते त्याच्या भावाशी. सांकेतिक भाषा येणारं कुणी नसतं. ‘गोळ्या वेळेवर कोण देणार? तपासणीला घेऊन कोण येणार?’ प्रश्न रास्त आहेत, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. पण धडधाकट पेशंटला ते तयारीसाठी विचारतात आणि याला नकारासाठी. कागदावर कुठंही ‘दिव्यांग म्हणून नाही’ असं लिहिलेलं नसतं, त्यामुळे दाद मागायची तर कशाविरुद्ध?

फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्रानं नोंदणीसाठीची अधिवासाची आणि ६५ वर्षांच्या वयोमर्यादेची अट काढायला सांगितली. नांदेड-लातूरकडची माणसं उपचाराला हैदराबादेत जातातच, त्यांना हे सोयीचं. पण यादीत नाव घालतं ते रुग्णालय. पेशंटला ते स्वतः घालता येत नाही.